सरांच्या मिशीतला दात

परवा नागपुरात सीताबर्डीवर मेकॅनिकने माझ्या गाडीची चेन रॉकेलने घासायला घेतली आणि त्या वासाने मला थेट कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात नेऊन उभं केलं.

तिथे माझी वर्गमैत्रीण सुनंदा लाव्हाच्या थरांमधली माती रॉकेलमध्ये भिजवायची, मग धुऊन, चाळून तीत दात शोधायची. डायनासोरांच्या पायाशी लपतछपत जगलेल्या आणि ते ज्या संहारात संपले त्यातूनही तगलेल्या चिमुकल्या सस्तन प्राण्यांचे दात. कित्येक महिन्यांनी संहारानंतरच्या थरातून एक मिळाला, मोहरीपेक्षाही लहान. तिचा सगळा प्रबंध त्या एका दातावर उभा होता.

तो ती आम्हाला दाखवत होती, तेवढ्यात विभागप्रमुख अवतरले. डायनासोरच्या मांडीच्या हाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणं, एवढीच या गृहस्थांची विद्वत्ता. दात तळहातावर घेऊन तो त्यांनी नाकाशी नेला. "काय वं, उंदराचे दात काहून वेचून राहिली?" असं म्हणून त्यांनी जोरात फुंकर मारली.

दात गायब! सुनंदा पांढरीफटक पडली. आम्ही टेबलाखाली रांगून फरशी धुंडाळू लागलो आणि सर वर उभे राहून खदाखदा हसत होते. अचानक सुनंदा ओरडली, "सर, हलू नका जी!" फुंकर तळहातावरून उलटली होती. तिने सरांची हनुवटी धरली आणि त्यांच्या तेल लावलेल्या मिशीतून ओल्या ब्रशने दात अलगद उचलला.

तेव्हा मी मिशीला हसलो होतो. आज त्या दाताचं कौतुक वाटतं. प्रचंड, मठ्ठ जनावराच्या आसऱ्याने दडून जगायची सवय त्याच्या कुळाला जुनीच होती.