येळवशीची राखण

येळवशीच्या दिवशी लातुरात चोरसुद्धा सापडत नाही. त्यालाही कुणाच्या ना कुणाच्या वावरात जेवण असतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला अख्खं गाव कुलपं लावून शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी (पालेभाज्या-शेंगादाण्यांची मिसळ भाजी), आंबील, खीर यांचा निवद दाखवायचा आणि मग दिसेल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी लातुरात घरी बसलेलं माणूस म्हणजे आजारी तरी, नाहीतर मी तरी.

मी नांदेडची. आमच्याकडे येळवस नव्हती. होती ती देगलूर-मुखेडकडच्या कुणाकुणाकडे, पण आमच्या गल्लीत नव्हती आणि माझ्या वडिलांच्या घरात तर सणच जेमतेम होते. वडील शाळेत गुरुजी. वाईट सालात सण करणं त्यांना निर्लज्जपणा वाटायचा. शेजारची चूल पेटत नाही तर आपण कढई ठेवू नये, एवढं साधं त्यांचं गणित. मी लग्न होऊन लातूरला आले आणि वर्षाच्या आतच दुष्काळ आला. वडिलांचा निरोप आला, या साली दिवाळी नाही, तेव्हा पोरीने यायची तसदी घेऊ नये. माझा पहिला दिवाळसण असा गणितात गेला.

सासरी उलट. सासरे गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत करायचे. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत, सासूबाईंना अव्वा. कानडी मुलूख जवळ, त्यामुळे घरात निम्मे शब्द तिकडचे. त्या साली गंजात पोती येत नव्हती, उंदीरसुद्धा दुसरीकडे नोकरी बघत होते. पण घरातला एकही सण चुकला नाही. साल जितकं वाईट तितका अव्वांच्या हातात पुरणाचा वरवंटा जास्त घट्ट. नागपंचमी झाली, पोळा झाला. बैल विकून टाकलेले होते, तर मातीचे पुजले. मला ते बघवत नव्हतं.

न बघवण्याचं खरं कारण वेगळं होतं. मला दिवस गेले होते. श्रावणात तेही गेले.

घरात कुणी एक शब्द बोललं नाही. अव्वांनी मला शेक दिला, डिंकाची पेज दिली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंचमीच्या लाह्या भाजायला बसल्या. लाह्या फुटत होत्या आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. आमच्या नांदेडला अशा वेळी चार बायका येऊन बसतात, रडतात, नवऱ्याच्या घराला दोन शिव्या देतात, बरं वाटतं. इथं सगळे गप्प. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला तो असा, की सून पसंत नाही.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी अव्वा बाजरीचे उंडे वाफवत होत्या. कोपीसाठी कडबा पाहिजे, आणि कडबा तर सोन्याच्या भावाने. म्हणून आप्पांनी म्हशीच्या वाट्याच्या पाच पेंढ्या बाजूला काढल्या होत्या. पूजा झाली की परत म्हशीला. म्हणजे पांडवांना छप्पर उसनं. मी हसले. अव्वा समजावून सांगायला लागल्या, की ही पूजा भुईची असते. पिकं पोटऱ्यात आलेली असतात, भुई गर्भार असते, तिचं डोहाळजेवण करायचं.

मी म्हणाले, "पोटात काहीच नसेल तर डोहाळजेवण कुणाचं?"

मला वावराबद्दल बोलायचं होतं. देवाशपथ वावराबद्दलच. त्या वावरात भेगा सोडून काही उगवलेलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वाक्य तोंडातून सुटलं आणि अव्वांचा हात भांड्यावरच राहिला. आप्पा पेंढ्या मोजत होते ते थांबले. नवऱ्याने पेपर तोंडापुढे धरला. त्यात आमचं लातूर नवा जिल्हा झाल्याचं काहीतरी कौतुक छापलेलं असायचं रोज. कलेक्टर कचेरीची पाटी अजून ओली होती आणि प्यायला पाणी नव्हतं. पेपरवाल्यांना त्यातलं पहिलंच दिसत होतं.

कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून आप्पा म्हणाले की उद्या आपल्या गल्लीत टँकरची पाळी आहे. येळवशीच्याच दिवशी. आणि ही पाळी चुकली तर पुढची कधी, ते त्या नव्या कलेक्टरलाही ठाऊक नाही. कुणाला तरी घरी थांबायला पाहिजे.

मी म्हणाले, मी थांबते. मला काय, आमच्याकडे येळवस नसतेच.

कुणीतरी नको म्हणावं म्हणून मी थांबते म्हणाले होते. कुणी म्हणालं नाही.

सकाळी सगळे निघाले. अव्वांच्या डोक्यावर चुंबळ, तिच्यावर चुना लावलेलं आंबिलाचं बिंदगं, वर शाल, मागे आप्पा, मागे नवरा पेंढ्या खांद्यावर घेऊन. नवरा दारात घुटमळला, चप्पल दोनदा काढून घातली. बोलला असता तर मी रडले असते, म्हणून मी आत गेले. अव्वा उंबऱ्याबाहेरून एवढंच म्हणाल्या, "पाणी तेवढं बघ."

मग शेजारणी यायला लागल्या. एकेकीने आपापल्या घागरी, कळश्या, बादल्या, तेलाचे डबे रांगेत आणून ठेवले. म्हणाल्या, तू हायस नव्हं घरी? अव्वा म्हणल्या, आमची सून थांबून राहिली म्हणून. हे अव्वांनी गल्लीभर सांगितलंय म्हटल्यावर माझा संताप झाला. सुनेला वावरात न्यायचं नाही आणि गल्लीची पाणक्या म्हणून उभी करायची. भांड्यांची रांग आमच्या दारापासून पिंपळापर्यंत गेली आणि गल्ली रिकामी झाली.

रिकामी गल्ली मी त्याआधी बघितली नव्हती. कुत्रं नाही, रेडिओ नाही, कुणाच्या दळणाचा आवाज नाही. नुसती कुलपं. टँकर येत नव्हता. घरात एक घागर पाणी, तीही तळाला. चूल पेटवायची नसते म्हणून अव्वा सगळं शिजवलेलं घेऊन गेल्या होत्या, आणि माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. ती मला दिसत असूनही मी उपाशी बसले. रुसणारं माणूस उपाशी राहतं, कुणी बघायला नसलं तरी.

मी माजघरात बसले आणि मला पहिल्यांदा नीट कळलं, की या घरात मी नसले तर काही कमी होणार नाही. टँकरला उभं राहायला कुणीही चालेल. श्रावणापासून जे रडू अडकून होतं ते यायला लागलं, आणि गंमत म्हणजे रडतानाही मला वाटत होतं की पाणी वाया चाललंय. मग मी उठले. रेक्झिनची पिशवी काढली आणि माझी सगळी लुगडी तिच्यात कोंबली. लग्नातली, नेसूची, झाडून सगळी. नांदेडला जायचं. वडिलांकडे सण नाही तर नाही. जिथं दुःखाला दुःख म्हणतात तिथं जायचं. त्याच वडिलांनी दिवाळीला मला नेलं नव्हतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

स्टँडवर मी आणि कंट्रोलर. बाकी नुसते खांब. त्याला नांदेडची गाडी विचारली तर तो माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, सकाळची ड्रायव्हर आला नाही म्हणून गेली नाही. दुपारची अहमदपूर-लोह्यावरनं जाईल, तिचा कंडक्टर वावरातनं परत आला तर.

"आणि नाही आला तर?"

"तर मग उदगीरला जावा. तिथनं देगलूर. देगलूरवरनं नांदेड. पोचताल की सावकाश." मग पिशवीकडे बघून आवाज खाली घेत म्हणाला, "बाई, आज तर परकं माणूसबी कुणाच्या तरी कोपीत जेवून राहिलंय. तुमी कुठं निघालाव?"

पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले. उन्हात घसा कोरडा पडला. स्टँडवरचा माठ पालथा घातलेला. हॉटेलं बंद. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बंद. माझ्याकडे तांब्यासुद्धा नव्हता. घर सोडून जाणाऱ्या बाईने पाणी बरोबर घ्यावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. दुपारच्या गाडीला वेळ होता. घरी जाऊन घागरीच्या तळातलं प्यावं आणि परत यावं असं ठरवलं. पिशवी स्टँडवर ठेवायची सोय नाही. ती घेऊन चालत निघाले, मनात म्हणाले, निघायलाही दोनदा लागतं मला.

गल्लीच्या तोंडाशी मी आणि टँकर एकदमच पोचलो.

ड्रायव्हर एकटाच, घामाघूम, आणि भयंकर चिडलेला. त्याचंही वावर होतं औशाकडे कुठंतरी, त्याचीही माणसं कोपीपाशी वाट बघत होती, आणि त्याला गल्ल्या हिंडायला लावलं होतं. त्याने रांग बघितली, कुलपं बघितली, मग मला बघितलं.

"माणसं कुठं गेली?"

"येळवशीला."

"मग मी काय हितं पांडव मांडू काय?" त्याने पाइप परत गुंडाळायला घेतला. म्हणाला, माणूस उभं असेल त्याच भांड्यात पाणी. बेवारशी भांडी भरायची नाहीत. तुमची घागर कंची तेवढी दावा, लवकर.

मी रांगेकडे बघितलं. मला त्या गल्लीचं काही देणं नव्हतं. तासाभरात मी तिथली राहणारही नव्हते. आमची घागर दाखवायची, भरली की आत ठेवायची आणि जायचं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सगळी आमचीच आहेत."

"ही समदी?"

"मोठं कुटुंब आहे आमचं."

त्याने पिंपळापर्यंतची रांग परत एकदा बघितली. मग हसला की काय केलं त्याने कोण जाणे, पण पाइप सोडला. मी पिशवी रांगेच्या टोकाला पिंपळाशी ठेवली, पदर खोचला आणि कामाला लागले. तो धार धरायचा, मी भरलेलं भांडं ओढून रिकामं सारायची. घागरी, कळश्या, डबे. ओळखत नव्हते ती भांडी. दुष्काळात अख्ख्या लातूर जिल्ह्यात ओलीचिंब झालेली मी एकटी बाई असेन. पाठ मोडली, अंगठा चेपला. पिंपळाशी पोचलो तेव्हा मला धड दिसायचं बंद झालं होतं. त्यालाही झालं असावं. कारण शेवटच्या बादलीनंतर जे रांगेत होतं त्यात त्याने सवयीने पाइप घातला.

ती माझी पिशवी होती.

मी ओरडेपर्यंत ती गळ्यापर्यंत भरली होती. रेक्झिनची, त्यामुळे थेंब गळत नव्हता. उत्तम पिशवी. ड्रायव्हरने आत डोकावून बघितलं, लुगडी बघितली, मला बघितलं. पाइप गुंडाळला आणि निघून गेला.

मी त्या पाण्याने भरलेल्या पिशवीशेजारी मातीत बसले आणि ओरडून रडले. श्रावणातलं रडू ते तिथं आलं, भर दुपारी, कुलपांच्या पुढे. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून असेल. पुष्कळ वेळ रडल्यावर लक्षात आलं की पाणी आहे, टाकायचं कसं? मग उठून एकेक लुगडं बादलीवर पिळलं. लग्नातल्या शालूचा रंग सुटला होता. ते लाल पाणीसुद्धा मी सारवायला ठेवलं. स्टँडकडून भोंग्याचा आवाज आला. नांदेडचीच गाडी असावी. कंडक्टर परत आला होता तर.

ऊन कलल्यावर गल्ली भरायला लागली. शेजारणी आपापली भरलेली भांडी उचलून नेत होत्या, जणू ती भरलेलीच असायची. आमचे लोक आले तेव्हा अंगणात दोरीवर माझी सगळी लुगडी वाळत होती. घरातल्या बाईची एकदम सगळी लुगडी कधी भिजतात, हे अव्वांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोरी बघितली. कोपऱ्यात उपडी ठेवलेली पिशवी बघितली. नवऱ्यानेही बघितली, आणि तो तिच्यावरून नजर काढेना. झाकलेली भाकरी तशीच होती, तीही अव्वांनी बघितली.

"दुष्काळात एवढी लुगडी धुतलीस," त्या म्हणाल्या, आणि भज्जीचं पातेलं खाली ठेवलं.

मी मान खाली घालून वावर कसं होतं ते विचारलं. दुसरं काय विचारणार.

अव्वा वाढता वाढता म्हणाल्या, "कसं आसंल? भेगाच हायत. भेगेत आंबील वतलं. खाली गेलं, दिसलंबी न्हाई." ताट माझ्यापुढे सरकवलं. मग माझ्याकडे न बघता, "काल इचारलंस, कुणाचं डोहाळजेवण म्हणून. जिचं रिकामं हाय तिचंच आसतंय. भरल्यालीला कोण बी वाढतंय."

 त्यांनी बिंदग्यातलं उरलेलं आंबील वाटीत ओतलं, वाटी माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. श्रावणानंतर त्यांनी मला पहिल्यांदा धरलं होतं.  त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता की बरोबर, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पुरतं कळलेलं नाही.

"पुढल्या साली पाण्याला दुसरं कुणी बी बसू दे," अव्वा आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

आंबील फार आंबट होतं. मी परत मागितलं.