घरची भर

आपल्याला जगातलं काही म्हणजे काहीच नीट माहीत नाही, असं आमच्या मामाजींचं ठाम मत होतं, आणि म्हणूनच त्यांनी ज्ञानकोश काढला. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या आमगावकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. शाळेतून निवृत्त झालेली माणसं भजनाला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात. यांनी घराघरांसाठी ‘कुटुंबकोश’ लिहायला घेतला. छापून झाला तो एकच खंड, अ ते औ.

नियम असा, की दोन साक्षीदारांनी सही केल्याशिवाय नोंद छापायची नाही. सह्या झाल्या की खाली मामाजी लाल शाईनं लिहायचे, ‘तपासले. बरोबर आहे.’ लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी मी ‘उखाणा’ची साक्षीदार झाले, हाताची हळद कागदाला लागली. ‘इंजिन’साठी त्यांनी स्टेशनवर ड्रायव्हरपुढे वही धरली. “चाचा, सिग्नल हो गया!” तो ओरडला आणि गाडी घेऊन गेला. नोंद महिनाभर अडली. ‘अस्वला’साठी नवेगाव बांधचा एक म्हातारा मिळाला, पाठीवर नखांचे वण असलेला. दुसऱ्या साक्षीदाराच्या शोधात मामाजी जंगलात निघाले, तेव्हा सासूबाईंनी सायकलची किल्ली पदराला बांधून टाकली.

“अजी, कायले कागद काळे करून राहिले? कोन वाचते?” हा सासूबाईंचा रोजचा प्रश्न. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि मामाजींच्या कागदांना त्यांनी झाडणीशिवाय कधी हात लावलेला मी पाहिला नाही.

प्रत्येक नोंदीखाली मामाजींनी चार कोऱ्या ओळी आखून घेतल्या होत्या. मथळा ‘घरची भर’. गोंदियाचा छापखानेवाला कळवळून म्हणाला, “काकाजी, इतनी जगह खाली? लोग समझेंगे स्याही खत्म हो गई.” मामाजी हटले नाहीत. म्हणाले, “कोश माझा नाही. घरानं आपलं लिहिलं, तरच तो पुरा झाला.”

कोश वाटून झाला, मग ‘बांधणी तपासायला आलो’ असं सांगत ते घरोघरी जाऊ लागले. कोश उघडायचे, ओळी बघायचे, मिटायचे. सगळ्या कोऱ्या. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी एका घरात तर तो लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेला, वर हळदकुंकू. “एवढ्या मोठ्या पुस्तकाले पेन लावावं का जी?” घरधनी हात जोडून म्हणाला. त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. मला तर अस्सा राग आला त्या लोकांचा! पण माझ्या प्रतीतल्या ओळीही कोऱ्याच होत्या, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढं ते बोलेनासे झाले नाहीत, फक्त विचारेनासे झाले. ‘क’ची वही अर्धी राहिली, आणि एका उन्हाळ्यात ते गेले.

तेरवीनंतर मी त्यांची प्रत पुसायला घेतली. ‘अळू’पाशी पान आपसूक उघडलं. चार ओळींत सासूबाईंचं वाकडंतिकडं अक्षर, मामाजींबद्दल: ‘याइले अळूनं घशात खाज सुटते. तरी मांगतेत. मी चिंच जास्त घालतो. सांगत नाही.’ साक्षीदार म्हणून खाली त्यांचं एकटीचंच नाव.

आणि त्याच्याखाली लाल शाईत दुसऱ्या साक्षीदाराची सही. तपासले. बरोबर आहे.