बाबा, बटण आणि काळा दोरा

माझ्या बापाने अर्ध्या महाडची बटणं तोडली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

वीर स्टेशनवर रिक्षा होती बाबांची. वीर ते महाड, कधी बिरवाडी. सीट भरेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात कुणाला तरी गाठायचं.

गाठायचं म्हणजे अक्षरशः. समोरच्याच्या शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरायचं आणि बोलायला सुरुवात. गाडी, पाऊस, हायवेचं काम, कुणाची म्हैस, कुणाचं लग्न. माणूस हलला की चिमूट घट्ट.

मग गाडी यायची. माणूस धावायचा. बटण बाबांच्या हातात.

"बटण हाय माझ्याकडं! पुढच्या खेपेला लावून देतो!" प्लॅटफॉर्मपर्यंत ऐकू जायचं.

आणि खरंच द्यायचे हो. मीटरखाली एका डबीत सुई आणि दोरा. माणूस परत दिसला की भर उन्हात उभा करून अंगावरच बटण शिवायचे. "हलू नको रे, टोचंल." म्हणजे त्याला परत ऐकणं आलंच!

दोरा मात्र कायम काळा. शर्ट पांढरा असो की पिवळा. आई वैतागायची, "अवो, पांढरं रीळ न्या की!"

"काळा मळत नाय," हे उत्तर. डोंबल. विसरायचे, दुसरं काय.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्लिश शिकवते. एकदा जेवताना सांगितलं, "बाबा, तुम्ही जे करता ना, त्याला इंग्लिशमध्ये शब्द आहे. बटनहोल. खरा अर्थ काज. पण क्रियापद म्हणून वापरलं की अर्थ होतो, माणसाला धरून ठेवून आपलं ऐकायला लावणं."

घास हातातच राहिला.

"म्हंजे इंग्रजांत पण माझ्यासारखा कोणतरी होता?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या स्टँडला सांगत सुटले. "ह्याला इंग्लिशमध्ये शब्द हाय. आमची पोरगी शिकवते."

पण त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी आणखी एक विचारलं होतं. "आणि तुझ्यासारखीला काय म्हणतात गो?"

मी हसत म्हटलं, "बटन्ड-अप. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मनातलं कुणाला न सांगणारी."

"आणि बटणं सोडली की?"

"अनबटन्ड. मोकळी."

"हा शब्द बरा हाय," म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

तेव्हा मला नवऱ्याचं घर सोडून येऊन बरेच महिने झाले होते.

आले त्या दिवशी पुण्याहून बसने माणगाव, तिथून ट्रेनने वीर. मुद्दाम वीर. कारण बाबा तिथे असणार. बॅग त्यांनीच उतरवून घेतली. "जेवलीस गो?" एवढंच विचारलं.

रिक्षात बिरवाडीची एक बाई होती. "लेक माहेरपणाला आली का?"

"घरी आली," बाबा म्हणाले.

त्यानंतर महाडपर्यंत एक शब्द नाही. माझ्या बापाच्या रिक्षात! ती बाई दोनदा वाकून बघत होती, यांना बरं आहे ना म्हणून.

सगळ्यांनी विचारलं मला. आत्या, शेजारी, स्टाफरूम. मी म्हणायचे, "नाही जमलं." विषय बंद.

बाबांनी कधीच विचारलं नाही. अख्ख्या गावाची बटणं धरणाऱ्या माणसाने माझ्या बटणाला कधी हात लावला नाही.

गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टरांनी बोलायची सक्त मनाई केली. बाबांना! बोलायची!

दुपारी भेटायच्या वेळेला मी कॉटशेजारी उभी होते. त्यांनी हात उचलला. मला वाटलं, पाणी हवंय.

त्यांनी माझ्या कुर्त्याचं बटण धरलं.

बोलू तर शकत नव्हते. नुसते बघत राहिले. मग मला कळलं, आज बोलायची पाळी माझी.

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

"मारलं नाही हो त्याने कधी. बोलायचाच नाही. कुणीच बोलायचं नाही माझ्याशी त्या घरात. भाजीत मीठ कमी झालं तरी भिंतीकडे बघून सांगायचे. मी ताप येऊन पडले तरी कुणी विचारलं नाही. मी एकटीच बाथरूममध्ये मोठ्याने बोलायचे बाबा, आपला आवाज आहे की गेला ते बघायला."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी मास्कच्या कडेने उशीवर येत होतं. माझंही थांबत नव्हतं. चिमूट घट्ट होत गेली.

तेवढ्यात सिस्टर आल्या, "चला, वेळ संपली." मी मागे झाले आणि दोरा तुटला.

बाबांनी मूठ मिटली. मास्कच्या आत हसले ते. मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

अंघोळ घालताना मूठ कुणीतरी उघडायला लागलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे."

अंगणात माणसं मावत नव्हती. वीरची, बिरवाडीची, पार शिवथरची. पांढऱ्या शर्टात माना खाली घालून उभी. आणि कितीतरी जणांच्या शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं.

ते दिसलं आणि मी भर अंगणात ओरडून रडले. काय म्हणतील लोक, एवढंही मनात आलं नाही.

तो कुर्ता आज घातलाय. बटण नाही लावलं.

आई सकाळी सुई-दोरा घेऊन आली होती. मी नको म्हटलं.

बाबा, बटण तुमच्याकडे आहे.

पुढच्या खेपेला लावून द्या. काळ्याच दोऱ्याने.