‘छान’ म्हणायला बंदी

भगत मॅडमना मी प्रथम पाहिले ते शाळेच्या जिन्यावर. मुकुटबनजवळच्या आमच्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. सातवीचा वर्ग रिकामा होता. मुले लिंबाखाली, सायकलींच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि हातातल्या फोनशी बोलत होती. मॅडम जिन्याच्या वरच्या पायरीवर टॅब उंच धरून उभ्या होत्या. रेंज तेवढी तिथेच यायची.

“हा कोणता तास?” मी विचारले.

“मराठीचा. बाजूले सरका सर, अपलोड होऊन राह्यलं.”

आमच्या शाळेत बंजारा तांड्यावरून मुले येतात, त्यांच्या घरी गोरबोली. कोलामांच्या वस्तीवरून, म्हणजे पोडावरून येतात, त्यांच्या घरी कोलामी. बाकीच्यांची वऱ्हाडी पुस्तकातल्या मराठीला ओळख देत नाही. ही मुले वर्गात गप्प बसत आणि आम्ही शिक्षक त्याला शिस्त म्हणत असू. भगत मॅडमना ही शिस्त सहन झाली नाही. त्यांनी वर्गासाठी एक ऑनलाइन पान उघडले. त्यावर चित्र किंवा फोटो टाकायचा, मुलांनी त्याच्यावर आपला आवाज भरायचा, हवे तर स्वतःचा व्हिडिओ करायचा. इतरांनी ऐकून आवाजातच उत्तर द्यायचे. फोन आईबापाचे, नेटचा पॅक बहुधा मॅडमचा.

नियम दोन होते. पहिले बोलणे पुसायचे नाही, कितीही अडखळले तरी. आणि उत्तर म्हणून प्रश्न विचारायचा. ‘छान’ म्हणायला बंदी. “छान म्हनलं की ऐकनं संपते,” मॅडम म्हणत.

मॅडमच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणारा हा ग्रंथ ‘छान’ने भरलेला असेल. मी त्यांचा नियम पाळणार आहे.

वनिता ही पोडावरची मुलगी. शाळेत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. हजेरीला ती हात वर करी. मॅडमनी तिच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. फोटो टाक, बोलणे नंतर, एवढेच सांगितले. तिने बांबू फोडणाऱ्या वडिलांचे फोटो टाकले. बरेच दिवस नुसते फोटो. मग एकदा ती टॅबसमोर बसली आणि बांबू कसा फोडतात, टोपली कशी विणतात ते हाताने दाखवत बोलली. अर्धी कोलामी, अर्धी मराठी, मध्ये लांब थांबे. वर्गाने तिला प्रश्न विचारले. तिने एकेकाला उत्तर दिले.

त्याच वर्षी संस्थेने आमच्या ‘डिजिटल वर्गा’वर एक चित्रफीत करून घेतली. स्नेहसंमेलनात शाळेच्या पटांगणात ती दाखवली गेली. पालक आले होते. पडद्यावर वनिता दिसली. तिचे ओठ हलले आणि एक घासूनपुसून स्वच्छ केलेला आवाज म्हणाला, “डिजिटल शिक्षणामुळे माझा सर्वांगीण विकास होत आहे.”

सगळ्याच मुलांचे आवाज बदललेले होते. यवतमाळच्या एका स्टुडिओत दुसऱ्या मुलांकडून ते भरून घेतले होते. आमच्या मुलांचे बोलणे बाहेर दाखवण्यासारखे नाही, असे कारण नंतर देण्यात आले. देताना कोणी खाली पाहिले नाही.

भगत मॅडम पहिल्या रांगेतून उठल्या. “थांबवा,” त्या म्हणाल्या. “हा आवाज कोनाचा?”

संस्थेचे सचिव शेजारीच होते. “मॅडम, कायले ताणून राह्यल्या? चेहरा त पोरीचाच हाय.”

“म्हनूनच इचारते साहेब. चेहरा तिचा, आवाज कोनाचा?”

फीत थांबली नाही. टाळ्या वाजल्या. पुढे त्या फितीला कुठलेसे बक्षीस मिळाले. ते प्रमाणपत्र आजही कार्यालयात टांगलेले आहे.

वनिता पुन्हा हजेरीला नुसता हात वर करू लागली. टॅबसमोर बसेना. एका रविवारी मॅडम तिच्या घरी गेल्या. मी सोबत होतो.

“काहून बोलत नाई वं?” मॅडमनी विचारले.

“माह्या तोंडाले दुसरीचा आवाज लावता त मी कायले बोलू?”

तिचे वडील हसले. “मॅडम, पोरगी पडद्यावर लय शुद्ध बोलली. घरी कवा बोलते त्याची आमी वाट पाहून राह्यलो.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खाटेवर टॅब ठेवला आणि तिची मूळ फीत लावली. सगळे पोड जमले. वडील लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, “कोयता असा नाई धरत.”

“तसाच धरता तुमी,” वनिता म्हणाली. “फोटो हाय माह्यापाशी.”

मग बापलेकीचे भांडण जुंपले, कोलामीत आणि मराठीत. मॅडमनी हळूच रेकॉर्डिंगचे बटण दाबले. ते भांडण त्या आठवड्याचा धडा झाले.

मॅडम निवृत्त झाल्या आणि तो तास वेळापत्रकातून गेला. त्यांच्या खोलीतल्या मोठ्या स्क्रीनवर आता चादर असते. पाहुणे आले की ती निघते.

आता मॅडमच्या सत्कार समारंभाविषयी. मॅडमच्या कार्याचा परिचय म्हणून तीच चित्रफीत दाखवायचे गौरव समितीने ठरवले आहे. मी हरकत घेतली. “सर, त्यात आवाज साफ हाय,” असे उत्तर आले. मुलांच्या मूळ फिती मॅडमच्या टॅबमध्ये आहेत. मागायला कोणी गेले नाही. ज्या गोष्टीविरुद्ध या बाई उभ्या राहिल्या, तीच त्यांच्यासमोर लावून वर त्यांना शाल घालायची, हे कोणाला खटकत नाही.

मी मॅडमना विचारले, येणार का. “येईन ना. लावली त मधातच उठून इचारीन.”

वनिता आता पांढरकवड्याला शिकते. तीही येणार आहे. दिवे मालवल्यावर पडद्यावर तिचे ओठ हलू लागले, तर आपण टाळ्यांसाठी हात उचलण्याआधी मॅडमचा प्रश्न विचारावा. त्यांना एकटीने उठावे लागू नये.

भगत मॅडमना दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे जिना चढण्याइतके बळकट राहोत, कान आज आहेत तसेच तीक्ष्ण राहोत. आणि त्यांना गप्प बसवणारा सत्कार त्यांच्या वाट्याला न येवो.