मलावीच्या फोन लाइनवरचे रिकामे कॉल

चिचेवा लाइन शुक्रवारच्या मीटिंगमध्ये बंद करायची, हे जवळजवळ ठरलंच होतं. मलावी हा आफ्रिकेतला शेतीवर चालणारा छोटा देश आणि चिचेवा ही तिथली मोठी भाषा. शेतकऱ्यानं फोन करायचा, आपल्या भाषेत पिकाबद्दल विचारायचं आणि एआयनं त्याच भाषेत उत्तर द्यायचं, अशी ही लाइन. पीक वाढलं तर देशाची कमाई वाढेल, पण गावोगाव पाठवायला पुरेसे कृषी सहायक नाहीत, म्हणून तिथल्या सरकारला ती हवी होती. सिस्टिम आमच्या, अमेरिकेतल्या प्रिन्सटनजवळच्या कंपनीची. भाषेचं काम लिलाँग्वे या राजधानीतल्या चिसोमोचं आणि तिच्या चार माणसांचं. लाइन गेली की त्यांचंही काम जाणार होतं.

फोन भरपूर येत होते. पण बहुतेक कॉल प्रश्नाशिवायच संपायचे. डॅशबोर्डवर, म्हणजे सगळं एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर, ओळीच्या ओळी रिकाम्या. मक्यावर लष्करी अळी पडलेली आणि शेतकरी फोन लावून मूग गिळून बसतात, असा आमचा निष्कर्ष.

"दे आर शाय विथ मशीन्स," रिया म्हणाली. रिया माझी बॉस. माझ्या मित्राची मुलगी, इथेच वेस्ट विंडसरला वाढलेली. घरी मला काका म्हणते, ऑफिसात नावानं हाक मारते. मला दोन्ही चालतं. "आपण इंग्लिश मेन्यू देऊ. प्रेस वन फॉर मेझ."

"ज्यांना इंग्लिश येतं, त्यांच्यासाठी ही लाइन काढलीच नव्हती."

"मग दुसरा आन्सर द्या. बिफोर फ्रायडे."

वैतागून हेडफोन लावले आणि मूळ रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. आम्ही इंजिनिअर मंडळी सहसा ऐकत नाही. मशीननं उतरवून घेतलेला मजकूर वाचतो.

पहिल्याच कॉलमध्ये मशीन म्हणालं, प्रश्न विचारा. एक बाई चांगली खणखणीत बोलली आणि थांबली. मशीन म्हणालं, समजलं नाही. बाईनं तेच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळेला मशीननंच फोन ठेवला. पुढच्या कॉलवर एक आजोबा. तेच शब्द, शेवटी तसाच चढलेला सूर. मला चिचेवाचं ओ की ठो कळत नाही. पण उत्तराची वाट बघणारा माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

चिसोमोला फोन लावून ते शब्द ऐकवले.

"कसे आहात, असं विचारताहेत," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मशीनला. दुसरं आहे कोण तिथे?"

"मग आमच्या मजकुरात हे का नाही?"

"ते तुम्हीच बघा."

बघितलं. 'हॅलो', 'कसे आहात' असे बिनकामाचे शब्द गाळणारी चाळणी सिस्टिममध्ये सुरुवातीपासूनच होती. इंग्रजी कॉलसाठी ती झकास चालायची. इथे तिनं अख्खं बोलणंच गाळलं होतं.

चिसोमो म्हणाली, आधी एकमेकांची विचारपूस होते, मग कामाचं. त्याआधी काम काढणं म्हणजे उद्धटपणा. मला हसू आलं आणि रागही आला. नागपुरात आमच्या घरी पाण्याचा ग्लास हातात पडल्याशिवाय पाहुणा विषय काढत नसे, आणि मी हे तिच्याकडून शिकत होतो.

चाळणी काढली. 'मी बरी आहे, तुम्ही कसे आहात?' हे मशीनच्या तोंडी घातलं.

"कॉल्स लाँग होतील," रिया म्हणाली. "आपण क्लायंटला शॉर्ट कॉल्स प्रॉमिस केलेत."

"आत्ता शॉर्टच आहेत. आपणच कापतोय ना!"

तिनं डॅशबोर्ड बंद केला. "ओके काका. करा."

शुक्रवारी तिकडचे कृषी अधिकारी व्हिडिओवर आले. रियानं आदल्या दिवशीचा एक कॉल लावला आणि चिसोमो भाषांतर करत गेली. एका आजींनी खुशाली विचारली. मशीननं सांगितली, उलट विचारली. झालं, आजी खुलल्या. गुडघे, पाऊस, नातवंडं. अळीचं नाव नाही. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. शेवटी आजी म्हणाल्या, मक्याच्या कोवळ्या पानांच्या पोंग्यात किडे शिरलेत, काय करू? मशीननं व्यवस्थित सांगितलं. आजींनी आभार मानले आणि मशीनच्या घरच्यांना नमस्कार कळवला.

अधिकारी मनापासून हसले. लाइन चालू राहिली.

टीममध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना एवढंच सांगतो: स्क्रीनवर ओळ रिकामी दिसली, तर समोरचा गप्प होता असं धरू नका. बहुतेक वेळा आपणच ऐकलेलं नसतं.