सिंधुअक्काचे थेंब

उदगीरच्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवून सिंधुबाई निवृत्त झाल्या आणि त्याच साली त्यांना काचबिंदू निघाला. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, एवढंच औषध. सात वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग जळकोटहून भाचा आला. सर्वेश, धाकट्या भावाचा, गुरुबसप्पाचा मुलगा. त्याची बाराखडी बाईंनीच गिरवून घेतलेली. लातूरच्या एका उपचार केंद्रात पेशंट आणून द्यायच्या कामाला तो नुकताच लागला होता.

"आत्या, डोळ्यातली मोरी तुंबलीय तुझी. थेंबानं मोरी साफ होती का कुठं? आमच्याकडं स्टेम सेल देऊन राहिलेत. मूळ पेशी. त्या जाळी नवी करत्यात."

"आणि थेंब?"

"बंद. थेंबानं नव्या पेशी मरत्यात."

परक्यानं सांगितलं असतं तर बाईंनी चार जणांना विचारलं असतं. केंद्रात दंडातलं रक्त घेतलं, दोनदा डोळ्याखाली सुई दिली. बाईंनी थेंब सोडले.

गुण आला की नाही हे त्या आपल्या रीतीनं बघत. रोज आंघोळीनंतर इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती-बेल वाहायचा आणि त्यावर नजर लावून बसायचं. लिंग लख्ख दिसे, विभूतीचा कण न् कण दिसे. देवानंच कौल दिला म्हणायचा. "स्पष्ट दिसतंय रे," त्या सर्वेशला फोनवर सांगत. असं सव्वा वर्ष गेलं.

एका सकाळी रस्त्यात डावीकडून आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही. खरचटण्यावर निभावलं. "मावशी, हॉर्न देऊन राहिलो न मी," तो माणूस कळवळून म्हणाला.

लातूरला डोळ्यांच्या डॉक्टर ऋतुजांनी त्यांना एका यंत्रापुढं बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाई ठिपक्याची वाट बघत बसल्या.

"बाई, झोपलात का? किती ठिपके येऊन गेले," नर्स म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. नजरेच्या कडा काळ्या झालेल्या, मधे तेवढं पांढरं. "काचबिंदू कडेनं खात येतो. समोर धरलेलं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून कळत नाही. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून निचरतं, तिच्या मूळ पेशींवर काम चालू आहे, पण ते प्रयोगशाळेत. पेशंटला द्यावं असं अजून काही नाही. आणि ती सुई तुमच्या जाळीपर्यंत गेलेलीच नाही."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. उरलंय ते थेंबांनी राखू. आजपासूनच. आणि हा आजार घराण्यात असतो. भावंडांना तपासून घ्यायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं बाई जळकोटला निघाल्या, भावाला सावध करायला. सर्वेशला त्या केंद्रानं फसवलं असेल, असंच वाटेत त्यांच्या मनात होतं.

भावजय चंद्रप्रभानं हात धरून पायरी चढवली, पाण्यासाठी फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात औषधाची इवली बाटली होती. बाईंनी उचलून डोळ्यांपुढं धरली. नाव तेच.

"ही कुणाची गं?"

"ह्यांची की. दोन वर्षं झाली. सर्वेशच घालतो रोज. लई टायमाचा पक्का हाय."

गुरुबसप्पानं हातातला पेपर खाली ठेवला.

"गुरू, तुला माहीत होतं?"

"मी म्हणलो होतो त्याला अक्का, घरच्यांना नको म्हणून."

"मला का नाही म्हणालास?"

"नवं काम होतं पोराचं. पहिली पेशंट तूच. वाटलं, गुण न्हाई आला तर न्हाई, तोटा तर काय होणार."

"आणि स्वतःचे थेंब सोडले नाहीस."

त्यानं खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. भावजय एकदा नवऱ्याकडं, एकदा नणंदेकडं बघू लागली.

दिवेलागणीला सर्वेश आला. आत्याला बघून थबकला, मग वाकला. बाईंनी पाय मागं घेतले. त्यानं एकदा बापाकडं पाहिलं आणि सगळं ओळखलं. तरी थेंबांची वेळ झाली होती. त्यानं हात धुतले, बापाची मान मागं केली, दोन थेंब बरोबर टाकले.

बाईंनी पिशवीतून आपली बाटली काढली. पहिला थेंब गालावर गेला. दुसराही.

"दे आत्या, मी घालतो."

"नको."

"हात थरथरून राहिला तुझा."

"थरथरू दे. माझा आहे."

तिसरा थेंब डोळ्यात पडला. डोळा मिटून, त्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून बाई भिंतीला टेकल्या. दुसरा डोळा अजून राहिला होता.