मशीन खोटं बोलत नाही

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. नीलेशजवळही नाही — आणि तो तर तेव्हा माझ्या शेजारीच उभा होता. आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी वसईच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. तापमान, आर्द्रता, विजेच्या तारांभोवतालचं क्षेत्र — जे डोळ्यांना दिसत नाही ते आकड्यांत दाखवणारी यंत्रं. नीलेश आमच्या नायगावच्या इमारतीतला. त्याला भुताखेतांच्या जागा तपासायचा नाद होता, आणि ही यंत्रं कळणारा माणूस हवा होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही जायचो. मंत्र नाही, लिंबू नाही, नुसती मोजणी. बहुतेक वेळा कारण साधंच निघायचं. आचोळ्याला एका बाईंना पलंगावर मानेशी गार श्वास जाणवायचा. थर्मामीटर फिरवला तर काढून टाकलेल्या एसीच्या भोकातून वारा येत होता. मी ते दाखवलं आणि त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मला त्याचा अभिमान होता. आमच्यातला खरं बोलणारा माणूस मी — असं मीच ठरवून टाकलं होतं.

मग जूचंद्रहून बोलावणं आलं. गावातलं जुनं कुटुंब. त्यांची मुलगी दीपाली, कॉलेजात जाणारी, तापानं गेली होती. साधा ताप समजून आईनं घरीच काढा दिला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आता आईला तिच्या खोलीत तिची चाहूल लागायची. तिच्या वडिलांनी, काकांनी, आम्हाला अंगणातच थांबवलं आणि हळूच म्हणाले, "मशीन लावा आनि काय नाय म्हनून दाखवा. म्हंजे ती दोन घास जेवंल तरी."

म्हणजे आमच्याकडून त्यांना एवढंच हवं होतं — काही नाही, हे.

भरदुपार होती. खिडक्या उघड्या, खोलीत ऊन. मोबाइल बंद करून बाहेर ठेवायचे, हा आमचा नियम. फोनच्या लहरींनी विजेचं क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचे दिवे लागतात म्हणून. नियम मीच केलेला. नीलेशनं त्याचा फोन ओसरीवर ठेवला. माझा माझ्या शर्टाच्या खिशात राहिला — चालू, आवाज तेवढा बंद. विसरलो होतो? नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं चाललं होतं आणि मला ते बघायचं होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं का?

यंत्र मी छातीशी धरलं होतं. दीपालीची आई, काकू, तिच्या पलंगाच्या कडेला बसल्या. आधी लेकीला काहीबाही विचारलं त्यांनी — आहेस का, भूक लागली का. यंत्र गप्प. दारात उभ्या काकांचा चेहरा सैल होत चालला होता. मग काकू एकदम म्हणाल्या, "तुला उशिरा नेली म्हनून रागावलीस काय गो बाय?"

हिरवा, पिवळा, लाल — सगळे दिवे लागले.

आणि त्याच क्षणी माझ्या छातीवर फोन थरथरला. मला कळलं. नंतर नाही, घरी जाऊन नाही — तिथेच, तेव्हाच कळलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नीलेशकडे नाही, माझ्याकडे. "हे खरं सांगतं ना, भाऊ?"

आता बघा, किती सोपं होतं. खिशातून फोन काढायचा आणि म्हणायचं, काकू, चूक माझी. नीलेशसमोर मान खाली गेली असती, जास्तीत जास्त. पण मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही, काकू."

एवढ्यावर थांबलं असतं तरी — पण त्यांनी पुढे विचारलं. "माफ करशील का गो?" फोन शांत होता. दिवे लागले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा, आवाज बारीक होत गेला, आणि मी ते काळं यंत्र हातात धरून उभा राहिलो. काका दारातून निघून गेले.

पुढे काकांचे फोन यायचे. एकदा या हो, राग गेला का, एवढंच विचारायचंय तिला. मी कामाचं निमित्त सांगायचो. मग उचलणंच बंद केलं. नीलेशचा नाद कालांतराने सुटला, आणि यंत्रं मी कपाटावर टाकून दिली. जूचंद्र आमच्याकडून रिक्षाच्या अंतरावर आहे. जायला काय लागतं?

परवा नायगावच्या बाजारात कोणी तरी "भाऊ" म्हणून हाक मारली. काकू. घरच्या वाडीतली माठाची भाजी घेऊन बसल्या होत्या. पार वाळल्या आहेत. मुलं कशी आहेत म्हणून त्यांनीच विचारलं. मग जुड्या नीट लावता लावता, काही तक्रार नसल्यासारखं म्हणाल्या, "मी अजून रोज मागते माफी. पन ती काय बोलत नाय."

बाजारात गर्दी होती, पण आमच्या दोघांच्या आसपास कोणी नव्हतं. ओठांवर आलेलं होतं सगळं. मी नुसती मान हलवली.

त्यांनी एक जुडी माझ्या पिशवीत घातली. नको नको म्हणत मी ती घेतली.

घरी बायको भाजी निवडायला बसली. म्हणाली, "माठ काय कोवळा आहे! कुणी दिला?"

मी म्हणालो, "कुणी नाही. बाजारात मिळाला."